‘मनावर घेऊ नका’ याच्या पुढे

(स्त्री संघटनांच्या कार्यकर्त्यांसाठी झालेल्या शिबिरातलं हे भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. – संपादक)



आपल्या केंद्रावर बाई काय सांगत येते, ते आपल्याला पाठ आहे. नवरा मारतो, घरातून काढलंय, पोटगी मिळत नाही, मुलं त्याच्याकडेच आहेत. अर्ज कसा लिहायचा, चौकीत काय बोलायचं, वकील कुठे गाठायचा, हे आपण वर्षानुवर्षं करत आलो आहोत. पण त्याच बाईच्या बोलण्यात मधूनमधून आणखी काही वाक्यं येतात. “झोपच लागत नाही, ताई.” “छातीत नुसतं धडधडतं.” “स्वयंपाकाला उठायचंसुद्धा जिवावर येतं.” “मीच मेले असते तर बरं झालं असतं.” ही वाक्यं अर्जाच्या कुठल्याच रकान्यात बसत नाहीत. मग कोणीतरी मायेनं म्हणतं, “मनावर घेऊ नका.” आता जे मनावर आलेलंच आहे ते घेऊ नको म्हणून कसं जाणार?

आज मी एका उपचाराबद्दल बोलणार आहे. त्याचं नाव कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी, थोडक्यात सीबीटी. मराठीत त्याला बोधात्मक वर्तनोपचार म्हणतात. नाव बोजड आहे, आतली गोष्ट तशी नाही. हा बोलून आणि करून घ्यायचा उपचार आहे. तो कोणत्या दुखण्यांवर चालतो, कुठे पुरत नाही, आणि बायकांबरोबर काम करणाऱ्या आपण त्याच्याकडे कसं पाहायचं, एवढं मला मांडायचं आहे.

हा उपचार म्हणजे काय?

न्यूयॉर्कमध्ये अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमाराला आणि फिलाडेल्फियात ॲरन बेक यांनी १९६०च्या दशकात, आपापल्या वाटेनं, जवळपास सारखीच गोष्ट पाहिली. बेक यांच्याकडे नैराश्याचे रुग्ण येत. या माणसांच्या मनात दिवसभर काही विचार आपोआप उमटत राहतात, हे त्यांच्या लक्षात आलं. मी कुचकामी आहे. जग असंच वाईट आहे. पुढे काही चांगलं होणार नाही. माणूस हे विचार कधी तपासून पाहत नाही, ते खरेच आहेत असं धरून चालतो. मुंबईच्या कि. मो. फडके यांनी एलिस यांची पद्धत मराठी वाचकांपर्यंत आणली. ‘विवेकनिष्ठ’ हा शब्द तुमच्यापैकी काहीजणींच्या कानावरून गेला असेल, तो त्याच घराण्यातला.

एक साधं उदाहरण घेऊ. नवऱ्यानं टाकलेली एक बाई. नळावर शेजारीण दिसली आणि न बोलताच निघून गेली. हिच्या मनात लगेच येतं, ‘मी टाकलेली, म्हणून तिनं तोंड फिरवलं.’ पोटात खड्डा पडतो, मान खाली जाते. दुसऱ्या दिवशी ही गर्दी टाळून पहाटे चारला पाण्याला जाते. हळूहळू कोणाशीच बोलणं उरत नाही. आणि बोलणं उरलं नाही म्हणजे ‘बघा, मला कोणी विचारत नाही’ हे आणखी पक्कं होतं. प्रसंग, त्याचा मनानं लावलेला अर्थ, भावना, शरीर आणि कृती यांचा असा भोवरा तयार होतो.

सीबीटी दोन बाजूंनी हा भोवरा अडवते. पहिली बाजू विचाराची. शेजारणीला घाई असेल, तिच्या घरी कोणी आजारी असेल, की खरंच तोंड फिरवलं? पुरावा काय? दुसरी बाजू कृतीची. उद्या नेहमीच्या वेळेला जाऊन तिच्याशी एक वाक्य बोलून बघायचं आणि काय होतं ते पुढच्या भेटीत सांगायचं. भेटी ठरलेल्या असतात, साधारण आठवड्याला एक, अशा आठपासून वीसपर्यंत. दोन भेटींच्या मधे घरी करायचं काम असतं. आयुष्यभर बोलत बसायचा हा उपचार नव्हे. बाईनं स्वतःच हे करायला शिकावं, हा त्याचा हेतू.

कोणत्या दुखण्यांवर?

पहिलं नैराश्य. जागतिक आरोग्य संघटना सांगते की पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये नैराश्य सुमारे दीडपट आढळतं. नैराश्य म्हणजे नुसतं वाईट वाटणं नव्हे. दोन आठवड्यांहून अधिक काळ, बहुतेक सगळे दिवस मन उदास राहणं, कशात रस न वाटणं, झोप-भूक बिघडणं, थकवा, स्वतःला दोष देणं, मरणाचे विचार. आपल्याकडे बाई ‘उदास वाटतं’ असं क्वचितच म्हणते. ती म्हणते अंग दुखतं, डोकं जड होतं, हातापायातली ताकद गेली. म्हणून आधी रक्त तपासायला हवं. ॲनिमिया आणि थायरॉईडही असाच थकवा आणतात. पण तपासण्या ठीक असूनही त्रास राहिला, तर नैराश्याचा विचार करायलाच हवा. सौम्य ते मध्यम नैराश्यात सीबीटी गोळ्यांच्या तोडीस तोड ठरते. तीव्र असेल तर दोन्ही बरोबर लागतात.

बाळंतपणातल्या आणि त्यानंतरच्या नैराश्यावरही ती उपयोगी पडते. ‘बाळ झालं, आता तर आनंदात असायला हवं’ या अपेक्षेखाली कितीतरी बायका गप्प राहतात.

दुसरी चिंता. सतत काहीतरी वाईट होणार असं वाटत राहणं, आणि पॅनिकचे झटके. छातीत धडधड, हातपाय कापणं, श्वास कोंडणं, आता प्राण जाणार असं वाटणं. बाईला रात्री रिक्षात घालून दवाखान्यात नेतात, ईसीजी चांगला येतो, आणि डॉक्टर म्हणतात, “काही झालेलं नाही.” घरी सासू म्हणते, “नाटकं!” काही ठिकाणी बाहेरची बाधा म्हणून भगताकडे नेतात. यातलं काहीच खरं नाही. धडधड खरी आहे. चुकतो तो तिचा अर्थ, की आता हृदय बंद पडणार. सीबीटीत बाई शिकते की ही लाट वर जाते आणि आपोआप खालीही येते. ते एकदा अनुभवलं की लाटेची भीती ओसरायला लागते. भीतीपोटी बाजारात जाणं, एसटीत बसणं सोडलेली बाई मग पायरीपायरीनं परत बाहेर पडू लागते.

तिसरा मंत्रचळ, म्हणजे ओसीडी. यात पुन्हापुन्हा हात धुणं, पन्नासदा कडी तपासणं एवढंच नसतं. आपल्याकडे सोवळं-ओवळं, विटाळ, स्वच्छता हे सगळं बाईवरच सोपवलेलं. त्यामुळे तासन्‌तास न्हाणीघरात असणारी बाई आजारी आहे, हेच घराला कळत नाही. ‘फार टापटिपीची आहे’ म्हणून कौतुक होतं आणि हाताची सालं निघालेली कोणी बघत नाही. इथे उपचार असा की ज्याची धास्ती वाटते त्याला थोडंथोडं सामोरं जायचं आणि धुण्याची ओढ झाली तरी धुवायचं नाही. बळजबरीनं नव्हे, तिच्याशी ठरवून, सोप्यापासून अवघडाकडे.

याचंच एक रूप कार्यकर्त्यांनी नीट ओळखायला हवं. बाळंतिणीच्या मनात ‘माझ्या हातून बाळाला काही झालं तर?’ असा भयंकर विचार येतो, आणि ती चाकूसुद्धा हातात घेईनाशी होते. तिला स्वतःच्याच विचाराची किळस आणि भीती वाटत असते. ही ‘वाईट आई’ नव्हे. हा मंत्रचळ असू शकतो आणि त्यावर उपचार आहे. मात्र बाळंतीण भ्रमात असेल, तिला आवाज ऐकू येत असतील, ती असंबद्ध बोलत असेल, रात्र-रात्र झोपेशिवाय असूनही भलतीच उत्साही असेल, तर ते वेगळं आणि तातडीचं. तिला त्याच दिवशी इस्पितळात न्यायचं. बाळाला आणि तिला एकटं ठेवायचं नाही.

चौथा आघात. बलात्कार, मारहाण, दंगल, अपघात यांतून वाचलेल्या बाईला तो प्रसंग पुन्हापुन्हा डोळ्यांसमोर येतो, ती दचकून उठते, त्या रस्त्यानं जायचं टाळते. अमेरिकेत पॅट्रिशिया रेसिक यांनी बलात्कारातून वाचलेल्या स्त्रियांसाठी सीबीटीची एक खास पद्धत घडवली. १९९२ साली त्यांनी तिचे परिणाम प्रसिद्ध केले. त्या पद्धतीच्या मध्यभागी काय आहे? ‘माझंच चुकलं. मी तिथे जायला नको होतं. मी ओरडायला हवं होतं.’ या विचारांची चिकित्सा. म्हणजे जो दोष समाज बाईवर टाकतो आणि मग बाईच स्वतःवर टाकू लागते, त्याची उलटतपासणी.

यांशिवाय जुनाट निद्रानाश, विशिष्ट गोष्टींची भीती, लोकांत बोलायचं भय, खाण्यासंबंधीचे काही विकार, दीर्घकाळच्या दुखण्यानं येणारं खचलेपण, पाळी जातानाचा त्रास, यांतही तिची मदत होते. निद्रानाशात तर झोपेच्या गोळ्यांच्या आधी ती करून पाहावी, असं आज वैद्यकीय संस्थाच सांगतात.

आणि कुठे पुरत नाही? तीव्र मनोविकृती, उन्माद, बाई खात-पीतच नाही अशी अवस्था. इथे मनोविकारतज्ज्ञ आणि औषध आधी. सीबीटी नंतर जोडीला येऊ शकते. गोळ्या चालू असलेल्या बाईला ‘आता बोलून बरी होशील, गोळ्या सोड’ असं कोणीही सांगू नये.

मोठे डॉक्टरच लागतात का?

तुम्ही म्हणाल, आमच्या तालुक्यात मनोविकारतज्ज्ञ नाही, हे सगळं शहरातल्या पैसेवाल्यांसाठी. मी तीन ठिकाणचं सांगते.

पाकिस्तानात रावळपिंडीच्या आसपासच्या खेड्यांत, बाळंतपणाच्या आसपास नैराश्य आलेल्या ९०३ बायकांबरोबर एक प्रयोग झाला. त्याचा अहवाल २००८ साली आला. उपचार दिला तो तिथल्या आरोग्य सेविकांनी, आपल्याकडच्या आशाताईंसारख्या बायकांनी. बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा हा उपचार मिळालेल्या बायकांपैकी २३ टक्क्यांना नैराश्य उरलं होतं. ज्यांच्याकडे सेविका नुसत्याच भेटीला जात होत्या त्यांच्यात ते ५३ टक्के होतं.

आपल्या शेजारी गोव्यात ‘संगत’ या संस्थेनं प्राथमिक आरोग्य केंद्रांत असंच काम केलं. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, पण नीट शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ भेटींत, सीबीटीतलाच कृतीवर भर देणारा भाग वापरला. २०१७ साली आलेल्या निष्कर्षांत तीव्र नैराश्यातून बाहेर आलेले रुग्ण ६४ टक्के होते, तर नेहमीची सेवा मिळालेल्यांत ३९ टक्के. आणि आपल्या दृष्टीनं फार महत्त्वाची गोष्ट, हा उपचार घेतलेल्या बायकांनी जोडीदाराकडून होणारी मारहाणही कमी नोंदवली.

तिसरं काँगोमधलं. लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांना गटात बसवून, रेसिक यांची पद्धत स्थानिक मदतनीस बायकांनी वापरली. अहवाल २०१३चा. सहा महिन्यांनंतर गटातल्या ९ टक्के बायकांत नैराश्य किंवा चिंता दिसली. ज्यांना फक्त व्यक्तिगत आधार मिळाला होता, त्यांच्यात ४२ टक्के. लढाई अजून धुमसत असलेल्या मुलखातलं हे आहे. आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या बायकाही त्या गटांत होत्या.

तेव्हा पदव्या नसल्या तरी चालतं. पण शिक्षण लागतं आणि वर कोणीतरी जाणकार देखरेखीला लागतो. या तिन्ही ठिकाणी ते होतं. दोन दिवसांचं शिबिर करून कोणी उपचार करू लागलं तर ते चालायचं नाही.

आपली शंका

आता ज्या शंकेनं तुमच्यातल्या काहीजणी मघापासून चुळबुळत आहेत तिच्याकडे येते. नवरा मारतो, आणि आपण बाईला सांगायचं की विचार बदल? व्यवस्था चुकीची, आणि दुरुस्ती बाईच्या डोक्यात? हीच शंका स्त्री चळवळीनं पूर्वीपासून घेतली आहे. फिलिस चेस्लर यांनी १९७२ साली, आणि आपल्याकडे पुण्याच्या भार्गवी दावर यांनी १९९९ सालच्या पुस्तकात, बाईच्या दुःखाला नुसतं आजाराचं लेबल लावण्याविषयी प्रश्न विचारले. ते प्रश्न आपण सोडायचे नाहीत. कारण ‘जरा जुळवून घ्या, सकारात्मक विचार करा’ असं सांगणारे समुपदेशक आहेत, आणि त्यालाच ते सीबीटी म्हणतात.

पण ही सीबीटी नव्हे. सकारात्मक विचार करा, असं ती सांगतच नाही. ती सांगते, विचार तपासा. आणि तपासल्यावर तो खराही निघू शकतो! ‘आज दारू पिऊन आला तर तो मला मारेल’ हा विचार विकृत नाही. मागच्या दहा वेळांचा पुरावा त्याच्या बाजूनं आहे. तिथे विचार बदलायचा नसतो, परिस्थिती बदलायची असते. कुठल्या दारानं बाहेर पडायचं, कागदपत्रं कोणाकडे ठेवायची, कोणाला फोन करायचा, २००५च्या कायद्याखाली संरक्षणाचा आदेश कसा मिळवायचा. अशा बाईला ‘तुमची भीती अवाजवी आहे’ असं सांगणारा उपचारक तिला धोक्यात ढकलतो.

मात्र त्याच बाईचा दुसरा विचार बघा. ‘मी त्याच लायकीची आहे.’ हा कुठून आला? पुरावा काय? हे तुला पहिल्यांदा कोणी सांगितलं? इथे तपासणी कामाची. म्हणून माझं म्हणणं असं की बाईचं बोलणं ऐकताना दोन ढीग करावेत. खऱ्या धोक्याचा ढीग आपल्या जुन्या कामाकडे द्यायचा : कायदा, निवारा, पैसा, संघटना. आणि अन्यायानं तिच्या मनात रुजवलेल्या निष्कर्षांचा ढीग या उपचाराकडे. एक काम दुसऱ्याच्या जागी करता येत नाही. पोटगी मिळाली म्हणून ‘मी कुचकामी’ हे आपोआप जात नाही. आणि ‘मी कुचकामी नाही’ हे पटलं म्हणून घरात दाणे येत नाहीत. पण जी बाई अंथरुणातून उठू शकत नाही, ती कोर्टाच्या तारखेला तरी कशी येणार? मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २०००पासून ‘दिलासा’ केंद्रानं दवाखान्याच्या आतच हिंसेबद्दल विचारायला सुरुवात केली. दोन्ही ढीग एका छताखाली आणता येतात, हे त्यातून दिसलं.

खरं तर आपल्या बैठकांत हे आपण अर्धंमुर्धं करतच आलो. एक म्हणते, “मीच कमी पडले.” दुसरी म्हणते, “मलाही असंच वाटायचं.” तिसरी विचारते, “आपल्या सगळ्याजणींनाच कमी पडल्यासारखं का वाटतं गं?” ही विचाराचीच चिकित्सा. फक्त तिथे पुढच्या आठवड्याची कृती ठरलेली नसते, आणि आजार कोणता हे पाहिलेलं नसतं.

आपण काय करायचं?

विचारायला शिकू या. प्रत्येक बाईला झोप, भूक, थकवा आणि जगावंसं वाटतं का, हे विचारायचं. मरणाबद्दल विचारल्यानं मरणाचा विचार डोक्यात घुसतो, ही समजूत खोटी आहे. उलट कोणीतरी विचारलं म्हणून बाई मोकळी होते. ‘हो’ म्हणाली तर तिला एकटं सोडायचं नाही, विषारी औषधं आणि फवारे घरातून हलवायचे, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. १४४१६ हा टेली-मानसचा फोन ऑक्टोबर २०२२पासून सुरू आहे. तो फुकट आहे, रात्रंदिवस चालतो आणि मराठीतून बोलता येतं.

घरी करायच्या कामाचा विचार बाईचं घर बघून करायला हवा. पुस्तकी उपचार सांगतो, वहीत विचार लिहा. पण ती वही नवऱ्याच्या हाती लागली तर? आणि लिहिता येत नसेल तर? भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात एक टिकली चिकटवायची : आज मी ठरवलेली गोष्ट केली. ती काय, हे फक्त तिला ठाऊक. ‘रोज अर्धा तास स्वतःसाठी काढा’ असं रोजंदारीवर जाणाऱ्या बाईला सांगणं म्हणजे थट्टा आहे. तिच्यासाठी दहा मिनिटं ओट्यावर बसणं, मैत्रिणीबरोबर सरपणाला जाणं, भजनाला जाणं हेही चालतं.

उपचारक निवडताना प्रश्न विचारायचे. शिक्षण कुठलं? किती भेटी? पैसे किती? बाईनं सांगितलेलं तिच्या परवानगीशिवाय नवऱ्याला सांगणार का? मारहाण होते म्हटल्यावर काय करता? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘दोघांना समोरासमोर बसवतो’ असं आलं, तर दुसरीकडे जायचं.

आणि शेवटी मागणी. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं सरकारी खर्चानं चालणारी मानसिक आरोग्य सेवा मिळणं हा प्रत्येक नागरिकाचा हक्क ठरवला आहे. आपण रेशनचा, रोजगार हमीचा हक्क मागितला तसाच हाही मागायचा. जिल्हा रुग्णालयात जाऊन विचारायचं, मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा समुपदेशक आमच्या तालुक्याला कोणत्या वारी येतो? येत नसेल तर का नाही? नुसत्या गोळ्या देता की बोलण्याचा उपचारही देता? आशाताईंना हे शिकवणार कधी, आणि त्या जादा कामाचा मोबदला देणार की तेही फुकटात करून घेणार?

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं आपल्या तालुक्यातलं या प्रश्नांचं उत्तर घेऊन यावं, एवढं आज ठरवू या. आता तुमचे प्रश्न घेते.